हिरूच्या नावाची फर्माईश

१४ डिसेंबर १९८६, रविवार

आणीबाणी उठून नऊ वर्षं झाली, असं आम्हाला शाळेत शिकवतात. शिकवणाऱ्यांनी एकदा आमच्या क्वार्टरमध्ये राहायला यावं. बाबांची पॉवर हाऊसमध्ये नाईट असली की सकाळी आठपासून दुपारी तीनपर्यंत या घरात शिट्टी, खोकला, पाटा-वरवंटा आणि टेपरेकॉर्डर यांच्यावर बंदी असते. इथून मुंबईला वीज जाते. त्या विजेवर मुंबईतली माझ्या वयाची पोरं ढिंच्याक गाणी लावून नाचत असणार. आमचा टेप मात्र आईने विणलेल्या क्रोशाच्या झग्यात कपाटावर बसून असतो, सोवळ्यातल्या आत्यासारखा. त्याला शिवायचं नाही.

काल कर्जतहून नवी कॅसेट भरून आणली आणि आज सात तास ती नुसती बघितली. कानालाही लावली. काही ऐकू येत नाही.

तीन वाजता बाबा उठले आणि न्याय मिळाला. बारा गाणी. मी दिलेल्या यादीत अकराच होती. बारावं सदूने आपल्या मनाने घातलं आहे. सदू म्हणजे धाकलूशेठच्या कॅसेटच्या दुकानात जो रेकॉर्डिंगला बसतो तो. एकोणीस-वीस वर्षांचा, केस कानावर, भर उन्हातही जीनचं जाकीट. यादीबाहेरचं गाणं कोणी कोणासाठी उगाच भरत नाही. ज्याने चार सिनेमे बघितलेत त्याला हे सांगावं लागत नाही.

गाणं पाच वेळा ऐकलं. सहाव्यांदा बाबांनी वायर काढली.

२२ डिसेंबर, सोमवार

शनिवारी वसाहतीच्या क्लबात व्हिडिओवर सिनेमा होता. वसाहतीबाहेरच्यांना आत सोडत नाहीत, त्यामुळे हिरूला गोष्ट मीच सांगते. बस स्टॉपवर उभं राहून, अभिनयासकट.

हिरू खालच्या गावातल्या आबाजींची मुलगी. माझ्याच वर्गात, दहावीला. तिचा बाप भात लावतो, आई सोनुबाई आमच्या वसाहतीत भाजी घेऊन येते, आणि ही गणितात पहिली येते. घरात बाकी कोणाला सही करता येत नाही. आबाजींनी तिला सांगून ठेवलं आहे, मॅट्रिक हो, मग अलिबागला नर्सिंगला धाडतो. अट एकच, गावात नाव निघता कामा नये. तिच्यामागून तिच्या तीन चुलत बहिणी आहेत. हिरूचं नीट झालं तर त्यांनाही शाळा, नाहीतर चौघींचं लग्न. हिरू हे सगळं एखाद्या प्रमेयासारखं सांगते. दिलेलं आहे, सिद्ध करायचं आहे.

सिनेमा असा. दोघं कॉलेजात, दोघांचे बाप वैरी. गॅदरिंगला तो गिटार घेऊन स्टेजवर चढतो आणि सगळ्यांसमोर तिचं नाव घेऊन गातो. बाप खुर्चीतून उठतो. मग मारामारी, पाऊस, पळून जाणं, आणि शेवटी बापाच्या डोळ्यांत पाणी.

हिरूने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण जया, परीक्षा कवा दिली तिनं?"

"कोणी?"

"त्या हिरॉइननं. वर्ष फुकट गेलं ना तिचं."

या मुलीला हृदयाच्या जागी कंपासपेटी आहे.

५ जानेवारी १९८७, सोमवार

शाळा सुटल्यावर नवी यादी द्यायला धाकलूशेठकडे गेले. बस सुटायला वेळ होता म्हणून हिरू बरोबर होती. मी यादी दिली. सदू म्हणाला, "बाजू तीस मिनटांची. शेवटचं गाणं अर्धं तुटेल बघा."

हे त्याचं नेहमीचं आहे. अर्ध्या कर्जतच्या कॅसेटी मधेच तुटलेल्या गाण्याने संपतात. हिरूने गाणी किती-किती मिनिटांची ते विचारलं, तिथेच रद्दी कागदावर बेरजा केल्या, माझ्या यादीतली गाणी खाली-वर केली आणि म्हणाली, "ही सात या बाजूला घाला, उरलेली पलीकडं. एकपण तुटायचं नाय."

माझ्या सर्वात आवडत्या गाण्याला तिने दुसऱ्या बाजूला, पाचव्या नंबरवर टाकलं. वाण्याने पोतं सरकवावं तसं.

सदू कागदाकडे बघतच राहिला. मग हसला. "तुमी रोज येत जा की."

"रोज कशाला? एकदा शिका," हिरू म्हणाली.

तो आणखी हसला. त्याचा पुढचा एक दात अर्धा आहे. मी इतक्यांदा गेले, मला तो दात आजवर दिसला नव्हता.

सहज म्हणून मी बाराव्या गाण्याचं विचारलं. तो म्हणाला, "टेप उरली होती ना. कोरी कशाला सोडायची?"

बरोबर आहे. कोरी कशाला सोडायची.

६ जानेवारी, मंगळवार

मी रात्रभर विचार केला आणि माझ्या लक्षात आलं की सदूचं हिरूवर प्रेम बसलं आहे. मला अतिशय आनंद झाला. मैत्रिणीचं भलं होत असेल तर आनंदच होणार.

ते बारावं गाणं पुसून टाकलं. त्याच्यावर रेडिओवरचं हवामान भरलं.

१९ जानेवारी, सोमवार

दोन आठवडे तिच्या मागे लागले आहे. ढिम्म. "तो तुझ्याकडे बघतो," म्हटलं की म्हणते, "दुकानात गिऱ्हाईक आलं तर बघणारच ना गं." मी म्हटलं, तू एकदा त्याला सांगून तरी बघ. म्हणाली, "काय सांगू? मला तो आवडत पण नाय नि नावडत पण नाय. मला नर्स व्हायचंय."

मी तिला समजावलं की सिनेमात नर्स नेहमी साइड रोलला असते. येते, थर्मामीटर लावते, जाते.

"मग पेशंट जगतो ना?" हिरू म्हणाली.

आज तिला भूमितीचं विचारायला बसले होते. वर्तुळाचं प्रमेय तिने चार ओळींत समजावलं, आणि समजलं, हे आणखी वाईट. शिकवताना तिला अजिबात गर्व नसतो. त्याचा राग येतो.

मी विषय बदलला. तिच्या आबाजींना एकदम सगळ्यांसमोर कळलं तर काय होईल, विचारलं. ती म्हणाली, "काय कळलं तर?" मी म्हटलं, "असं समज." ती म्हणाली, "असं समजायचं पण नाय."

चारचौघांत नाव घेतलं की प्रेम खरं ठरतं, बाप नरम येतो. प्रत्येक सिनेमात येतो. काहींना स्वतःचं भलं कळत नाही, त्याला इलाज नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

आज खालच्या गावात येसाजीच्या मुलाची हळद होती. येसाजी बाबांच्या हाताखाली आहे, त्यामुळे आम्हाला आग्रहाचं बोलावणं. रेकॉर्ड धाकलूशेठची. लग्नसराईत त्यांचा तोच धंदा. आंब्यावर दोन भोंगे, बाजेवर अॅम्प्लिफायर, त्याच्यामागे सदू कॅसेटी पालटतोय आणि धाकलूशेठ माईकवर.

इकडे फर्माइशीची पद्धत आहे. ताटलीत चिठ्ठी टाकायची, कोणाकडून आणि कोणाला. धाकलूशेठ उचलतात, वाचतात, गाणं लागतं. मामांकडून नवऱ्या मुलाला, वहिनींकडून करवलीला. भोंग्याचा आवाज शेतं ओलांडून आमच्या क्वार्टरपर्यंत येतो, त्यामुळे कोणाचे किती मामा आहेत हे सगळ्या पंचक्रोशीला पाठ.

मी चिठ्ठी टाकली. फारसा विचार केला नाही. म्हणजे केला होता, पण तो हिरूच्या बाजूने केला होता.

धाकलूशेठ आधी वाचून बघत नाहीत. हातात आली की माईकवर. "आता पुढली फर्माईश. आबाजींच्या हिरूकडून आपल्या रेकॉर्डवाल्या सदूला, मनापासून." आणि स्वतःच हसले. "लेका सदू, तुझी पण फर्माईश आली रं."

लोकही हसले. मग बायकांचं हसणं आधी थांबलं, पुरुषांचं जरा नंतर.

हिरू मांडवात बायकांबरोबर होती. दोन्ही हात कोपरापर्यंत हळदीने भरलेले. तिने ते हात तसेच हवेत धरले. कुठे पुसावे ते कळत नसल्यासारखे.

मी आबाजींकडे बघत होते. ते मांडवाच्या खांबाला टेकून विडी ओढत होते. आता उठतील, सदूची कॉलर धरतील, हिरू मध्ये पडेल. काहीच नाही. त्यांनी विडी विझवली, उरलेली अर्धी कानावर ठेवली, हिरूजवळ गेले आणि म्हणाले, "चल." आवाजसुद्धा चढवला नाही. ती हळदीच्या हातांनी त्यांच्यामागे गेली. जाताना तिने माझ्याकडे बघितलं. बघितलं म्हणजे एकदाच, आणि नीट.

मग चार-पाच जणांनी सदूला मांडवामागे नेलं. गाणं चालूच होतं. तो परत येईना. बाजू संपली तरी कॅसेट पालटायला कोणी नाही, भोंग्यांतून नुसती खरखर. एक बाई म्हणाली, "बंद करा रं ते." बंद कसं करायचं हे त्या गर्दीत कोणाला माहीत नव्हतं.

आई म्हणाली, चल घरी. जेवण राहिलंच.

१० फेब्रुवारी, मंगळवार

हिरू काल शाळेत नव्हती. आज नव्हती. बहुधा इंटरव्हलपर्यंत असंच असतं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

धाकलूशेठकडे गेले. ते एकटेच काउंटरवर. मी सदूचं विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं.

"उजव्या कानात फटका बसला. पडदा फाटला म्हणतात. त्या कानानं ऐकू येत नाय आता. मामाकडं रसायनीला गेला, तिथं कंपनीत पिंप धुवायचं काम हाय."

स्टिरिओचा निम्मा भाग वाया, असं माझ्या मनात आलं. हे विनोदी आहे म्हणून लिहिलं. लिहिल्यावर तितकं नाही वाटलं.

"आणि चिठ्ठी कुणी टाकली?" मी विचारलं. कोणीही विचारलं असतं.

"देव जाणे. मी हातात येईल ते वाचतो. वाचायचा माझा धंदा हाय, इचार करायचा नाय." मग माझी यादी हातात घेऊन म्हणाले, "कॅसेट उशिरा मिळंल. आणि शेवटचं गाणं तुटंल."

२१ फेब्रुवारी, शनिवार

आज सोनुबाई वालाच्या शेंगा घेऊन आल्या. आईने मापं घेता घेता विचारलं, "हिरूचं काय ऐकते मी?"

"ऐकलंत ते खरं हाय ताई. लोधिवलीचं स्थळ आलंय. टेंपो हाय त्याचा सोताचा."

"वय?"

"पस्तीस. पयली बाळंतपणात गेली. दोन पोरं हायेत." सोनुबाई शेंगा मोजत असल्यासारख्या टोपलीत बघत होत्या. "आता चांगलं स्थळ कुठलं येतंय? आनि तो रेकॉर्डवाला आमच्यातला पण नाय."

"अहो, पण परीक्षा तरी देऊ द्या. पंधरा दिवसांवर आली."

"मी बोलले ना. तर हे बोलतात, हिला धाडली शाळेत म्हणून हिला चिठ्ठी लिवता आली. धाकट्या तिघींना पण शाळेतनं काढलं."

आईने मला आत पाठवलं. मी आतून ऐकत होते.

"पोरगी काय बोलली?" आईने विचारलं.

"नाय लिवली बोलली. पयल्या दिवशी. मग तिचा बाप बोलला, तू नाय तर कुनी? नाव सांग. मार खाल्ला, पन नाव नाय सांगितलं. मग सगळ्यांला वाटलं हिनंच लिवली."

शेंगा कोवळ्या होत्या. आईने सोनुबाईंना चहा दिला. एरवी त्यांच्यासाठी कान तुटलेला कप वेगळा ठेवलेला असतो, आज कपाला कान होता.

मला वाटतं, हिरूला तो आतून आवडत असावा. नाहीतर एवढा मार कोण खातं?

१ मार्च, रविवार

नदीवर गेले. पॉवर हाऊसमधून सुटलेल्या पाण्यामुळे आमच्या नदीला उन्हाळ्यातही पाणी असतं, त्यामुळे खालच्या गावाचं धुणं तिथेच. हिरू गोधडी आपटत होती. हातावरची हळद गेलेली. दंडावर दुसरे रंग होते.

मी म्हटलं, "अगं, काहीतरी बोल ना घरी. हट्ट धर. जेवू नकोस दोन दिवस."

"तीन दिवस नाय जेवले. कुनी इचारलं पन नाय."

तीन तासांच्या सिनेमात तिसऱ्या दिवशी आई ताट घेऊन येतेच.

तिने गोधडीचं एक टोक माझ्या हातात दिलं. आम्ही दोघींनी ती पिळली. ती एकीकडे, मी उलटीकडे. मग ती गोधडीकडे बघतच म्हणाली, "माझं नाव लिवलंस. तुजं का नाय लिवलंस?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"काय नाय. तुजे पन पेपर हायेत. जा घरी, अभ्यास कर. समरूप त्रिकोन नक्की येतात, ते बघ." मग म्हणाली, "मी सांगायची नाय कुनाला. तुजं नाव सांगून माझं पुसायचं थोडंच हाय."

घरी येऊन बराच वेळ विचार केला. काय हा प्रश्न. मी माझं नाव कशाला लिहू? माझा काय संबंध? आणि समजा लिहिलं असतं, बाबांनी फार तर टेप माळ्यावर टाकला असता. मी दुसऱ्या दिवशी शाळेत गेलेच असते.

हे शेवटचं वाक्य खोडणार होते. राहू दे.

१० मार्च, मंगळवार

आजपासून परीक्षा. माझ्या पुढच्या बाकावर खडूने हिरूचा नंबर लिहिलेला. सुपरवायझरनी दोनदा विचारलं, ही मुलगी कुठे? मी म्हटलं, आजारी आहे. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही. उत्तरपत्रिका परत गठ्ठ्यात घातली.

रिकामा बाक समोर असला की पंख्याचा वारा चांगला लागतो.

१७ मार्च, मंगळवार

भूमिती. समरूप त्रिकोण आले. पूर्ण सोडवले.

२६ एप्रिल, रविवार

काल हिरूची हळद, आज लग्न. आईने जाऊ दिलं नाही. मीही म्हटलं नाही.

काल संध्याकाळपासून कान लावून बसले होते. रेकॉर्ड लागली नाही. आबाजींनी भोंगा लावूच दिला नाही म्हणे. खालच्या गावातली बिनआवाजाची हळद मी पहिल्यांदा ऐकली. कुत्री तेवढी भुंकत होती. बाबा म्हणाले, "वा. निदान आज तरी झोप लागेल." आणि खरंच घोरायला लागले.

दुपारी वऱ्हाड आमच्या रस्त्यावरून गेलं. नवऱ्याचा स्वतःचाच टेंपो, पुढच्या काचेला झेंडूचा हार. नवरी पुढे बसलेली, मांडीवर एक पोर झोपलेलं, दुसरं खिडकीतून बाहेर बघत होतं. मुंडावळ्यांतून तिचं तोंड दिसलं नाही. टेंपोत गाणं मात्र लागलेलं होतं, नव्या सिनेमातलं, शाळेतल्या पोरापोरींच्या प्रेमाचं. ड्रायव्हर लोकांना गाण्यांची आवड असतेच.

मी फाटकाशी उभी होते. हात वर केला. टेंपो वळणावर गेला, आणि कडव्याच्या मध्येच ते गाणं तुटलं.

१० मे, रविवार

क्लबात व्हिडिओ होता. जाऊन बसले. गॅदरिंगचा सीन आला, त्याने माईकवर तिचं नाव घेतलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्याशेजारच्या मुलीने माझा हात घट्ट धरला. मला लघवीला जायचंय सांगून बाहेर आले आणि मग आत गेलेच नाही. आईने विचारलं, कसा होता? मी म्हटलं, लांबवलाय.

१७ मे, रविवार

दुपारी सोनुबाई आल्या. भाजी नाही, एक स्टीलचा डबा. आत लग्नातले बुंदीचे लाडू, चार. आता थोडे कडक झालेत.

"हिरू आलीय म्हायेराला," त्या म्हणाल्या. "पोरांना घेऊन आलीय. ती बोलली, जयाला नेऊन दे. मी बोलले, तीन आठवडे झाले, आता कशाला? तर बोलली, नाय, दे."

"बरी आहे ना?" आईने विचारलं.

"बरी हाय. बारकं पोर तिलाच आय बोलतं." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुला कसे गेले गं पेपर?"

"बरे गेले," मी म्हटलं.

"बरं झालं."

त्या गेल्यावर आई म्हणाली, लाडू काढून घे आणि डबा देऊन ये. रिकामा देऊ नकोस.

हे मला माहीत आहे. कोणाच्या घरून डबा आला तर रिकामा परत करायचा नसतो. मूठभर साखर घालायची, म्हणजे फेड होते. मी लाडू ताटात काढले, डबा घासला, पुसला, साखरेच्या डब्यात हात घातला. एक मूठ घातली. दुसरी घातली. डबा भरेपर्यंत घालत गेले. आई दारातून बघत होती. या महिन्याची साखर संपेल, असं ती म्हणायला हवी होती. तिने झाकण पुढे केलं.

ऊन उतरल्यावर खालच्या गावात गेले. आबाजींच्या घराच्या ओटीवर एक पोर चमच्याने माती उकरत होतं. आतून बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. सोनुबाई दारात आल्या. म्हणाल्या, "निजलीय ती."

मी म्हटलं, "असू दे." डबा ओटीवर ठेवला. झाकण दाबून बघितलं.

साखर रेशनची होती, जरा ओलसर. पण डबा रिकामा गेला नाही.